नानांचा रेडर मी फोडला

दगडू नाना गेले त्याला आज वर्ष झालं, आणि वर्षभर मी ही पोस्ट टाळली.

आधी म्हटलं दहाव्याला लिहू. मग दिवाळीत. मग ट्रक घेऊन बाहेर होतो.
खरं कारण एवढंच की या सगळ्या प्रकरणात मी खोटं बोललोय, आणि ते अजून कुणाला माहीत नाही.

नाना आमच्या गल्लीतले टेलर. दिवसा पँटी शिवायचे, संध्याकाळी पांझरा नदीच्या काठी आम्हाला कबड्डी शिकवायचे.
टीमच्या हाफपँटी पण तेच शिवायचे. बूड डबल कापडाचं, कारण ग्राउंड मुरमाचं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा लोक विचारायचे, अजून विचारतात. एवढं मोठं धुळे, गल्लीगणिक मंडळ, तरी जिल्ह्याच्या टीममध्ये बठ्ठी, म्हणजे सगळी पोरं खेड्याचीच कशी?

कुणी म्हणायचं, खेड्यातली पोरं दूध पितात. आमच्या घरी म्हैस होती, मीही भरपूर प्यायलो, काही उपयोग झाला नाही.
कुणी म्हणायचं ट्यूशन. कुणी म्हणायचं टीव्हीवरचं क्रिकेट.

नाना मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "आठे बठ्ठा कॅप्टनच शेतस. खेळाडू एकबी नही."

खरं होतं, इथे सगळे कॅप्टनच. खेड्यात टीम एकच. नवीन पोरगं दोन वर्षं नुसतं बसून बघतं, मग त्याला आत घेतात. रुसलं तरी जाणार कुठे?
धुळ्यात सातातून नाव वगळलं की संध्याकाळपर्यंत नवीन मंडळ. बोर्ड, पावतीपुस्तक, अध्यक्ष, सगळं तयार.
आमच्या एका गल्लीत तीन मंडळं. तिन्हीत मिळून सात धड खेळाडू नव्हते.

मग टुर्नामेंट आली की ही मंडळं खेड्यातून पोरं आणायची. शिरपूरकडून, पारोळ्याकडून. बोर्डावर नाव गल्लीचं, पाय खेड्याचे. कप मिळाला की मिरवणूक मात्र गल्लीत.

नाना आणायचे नाहीत. दरवर्षी हरायचे.

आणि मग आमच्या शेजारचा सुन्या तयार झाला.
असा रेडर मी गल्लीत तरी पाहिला नाही. अंगाने काडी. पण आत जाऊन दोघांना शिवून परत यायचा, आणि पकडणारे एकमेकांना धरून बसलेले असायचे.
नानांचं एकच होतं, "धुयाना एक पोऱ्या जिल्हामा जाऊ दे. बस, एक."

निवड व्हायची त्या टुर्नामेंटच्या आधी मी आठ दिवस ट्रकवर क्लीनर म्हणून इंदूरला गेलो. नववीत शाळा सुटलेली, कुणी चल म्हटलं की मी निघायचो. इंदूरला सकाळी पोह्यांबरोबर जिलबी देतात, मी तर... असो, भरकटलो.

परत आलो तर नाना म्हणाले, "तू बाहेर बस."
"नाना, मी कॉर्नरचा जुना प्लेअर."
"जुना शे. पण आठ दिन कोठे व्हता? बस आते. पुढला वर्षी खेळजो."

त्याच संध्याकाळी मी मंडळ काढलं. कॅप्टन अर्थातच मी.

बाकी पोरं मिळाली. सुन्या तयार होईना.
"नानांना सोडून? येडा का तू?"
मी म्हटलं, "तुला माहीतच नाही? नाना यंदा पारोळ्याचा रेडर आणताहेत. तुझ्या नंबरची पँट त्याच्या मापाने शिवताहेत."
"नाना? नाना आणतील?"
"जा, दुकानात जाऊन विचार."

दुकान वीस पावलांवर होतं. तो गेला नाही. सगळेच आणायचे, त्याला खरं वाटलं.

टुर्नामेंटमध्ये आमचं मंडळ पहिल्याच मॅचला हरून बाहेर गेलं. हाफटाइमला तिघे कॅप्टन कोण यावरून भांडत होते. सुन्याला चार रेड मिळाल्या. निवडणारे तेव्हा चहा पीत होते.
पलीकडे नानांची टीम दोन पॉइंटने हरली.

सुन्या बघत होता. म्हणाला, "पारोळ्याचा कोणता रे?"
"ऐनवेळी आलाच नाही. फसले नाना." हे दुसरं खोटं.

त्या वर्षी पण निवड सगळी खेड्याची झाली.
सुन्याने खेळ सोडला आणि मामाकडे सुरतला लूमवर गेला. नानांच्या दुकानाची पायरी परत चढला नाही.

नाना मला एकदाच म्हणाले, "सुन्यानी इचारं बी नही रे."
मी म्हटलं, "हो ना, नाना."

पुढे कितीदा आलो. पँटी शिवून घेतल्या, नानांच्या घरी अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातचं जेवलो. बोललो नाही.
शेवटी दवाखान्यात त्यांनी विचारलं, "सुन्या कोठे शे आते?" खोलीत आम्ही दोघेच होतो. मी म्हटलं, सुरतला. आणि मग पंख्याचा आवाज फार येतो यावर बोलत बसलो.

आज वर्षश्राद्ध. अक्कांच्या दारात पायरीवर बसून लिहितोय. आत पानं मांडताहेत.

थांबा. दारात रिक्षा उभी राहिली.

सुन्या.
त्याला कुणी बोलावलं नव्हतं. केस गेलेत, पोट सुटलंय. हातात नारळ.
मला म्हणाला, "तू पण इथेच? म्हटलं येऊन जाऊ. नानांनी माझं वाईट केलं, पण गेलेल्या माणसावर किती दिवस राग धरायचा? माफ केलं, भो."

अक्का आतून विचारताहेत, "कोण उना रे?"

तो चपला काढतोय. त्याला दारातच थांबवतो. आत जाऊन नानांच्या फोटोला माफ करायच्या आधी त्याला कळलं पाहिजे.

नाना, राम राम.