तांदळात लिहिलेलं नाव

मुलीच्या व्हिसाची फाइल तयार होता होता मी इतकी थकले, की पुढे पुढे फाइल हा शब्द ऐकला तरी माझी मान दुखायची. निळी, प्लॅस्टिकची, बटणाची फाइल. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी ती जेवणाच्या टेबलावर पडून असायची आणि आम्ही तिघं, मी, नवरा आणि मुलगी, बाजूला सरकून जेवायचो. वरण सांडलं तर आधी फाइल उचलायची, मग वरण पुसायचं.

मुलीला आयर्लंडमध्ये अन्नप्रक्रियेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. त्याआधी दोन वर्षं ती रायपूरजवळच्या एका फॅक्टरीत बिस्किटं तपासायला बसने जात होती. घरी यायची तेव्हा अंगाला व्हॅनिलाचा वास आणि चेहरा असा, की चहाबरोबर बिस्किट पुढे करायची सोय नाही. प्रवेशाचं पत्र आलं त्या दिवशी नवऱ्याने पेढे आणले आणि पेढ्यांबरोबर अटही आणली. “या साली जमलं तं जमलं. नाई तं मंग स्थळं पाहू. नागपूरचं एक आलंच हाये.” मुलीने अर्धा पेढा खाऊन उरलेला ताटलीत ठेवला. त्या अर्ध्या पेढ्यासाठी मी सारी पायपीट केली, असं म्हटलं तरी चालेल.

नवरा इथल्या स्टील प्लांटमध्ये एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. कमाई वाईट नाही, पण ती हातात येते आणि हातातूनच जाते, कागदावर तिचा मागमूस नसतो. कागदावर दिसणारा पगार आमच्या घरात एकच, माझा. मी सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते, लग्नाच्या आधीपासून. त्यामुळे शिक्षणाचा खर्च उचलणारी, म्हणजे व्हिसाच्या भाषेत स्पॉन्सर, मी ठरले. खोटं कशाला बोलू, मला चांगलं वाटलं.

व्हिसाची कामं करून देणारं ऑफिस सिविक सेंटरला एका चपलांच्या दुकानाच्या वर होतं. समोर बसलेली पोरगी माझ्या मुलीहून लहान असावी. वाक्याच्या सुरुवातीला मैम आणि शेवटीही मैम. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून गेले होते आणि सगळे कागद ओळीने लावून नेले होते. लॅबमध्ये राहून राहून ही सवय लागते. नळीवरचं नाव आणि चिठ्ठीवरचं नाव जुळलं नाही, की मी नमुना परत पाठवते, मग तो कोणाचाही असो. त्यामुळे माझ्या कागदांत काही निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पोरगी कागद उलटत होती. एका ठिकाणी थांबली, मागे गेली, परत पुढे आली.

“मैम, ये स्पॉन्सर स्टूडेंट की कौन लगती हैं?”

“वो मैं हूं. मां.”

“और पासपोर्ट में जो मदर का नाम है, मैम?”

“वो भी मैं हूं.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलगी हसायला लागली. मला हसू आलं नाही, कारण ती पोरगी काय विचारत होती हे मला त्याच क्षणी कळलं, आणि इतक्या वर्षांत ते आपल्या लक्षात कसं आलं नाही म्हणून मी हादरले.

माझी नोकरी, माझा पगार, माझं बँकेचं खातं, सगळं माझ्या माहेरच्या नावावर होतं. राजनांदगावच्या घरी बाबांनी ठेवलेलं नाव, पुढे बाबांचं नाव, पुढे आडनाव. आणि घरचं रेशनकार्ड, मुलीचा जन्माचा दाखला, तिच्या मार्कशीटा, तिचा पासपोर्ट, इथे सगळीकडे तिच्या आईचं नाव म्हणून सासरचं नाव. फक्त आडनाव बदललं असतं तर एका ओळीत भागलं असतं. आमच्याकडे लग्नात बाईचं अख्खं नाव बदलतं. ती पोरगी तेलुगू घरातली. तिला हे समजावता समजावता माझा घसा सुकला.

“सरनेम चेंज हुआ, राइट मैम?”

“नहीं. पूरा.”

“पूरा मतलब?”

“मतलब पूरा. पहला वाला भी.”

“पर क्यों, मैम?”

रिवाज है, म्हटलं. तिने समजूतदारपणे मान हलवली आणि पेन्सिलीने दोन नावांभोवती दोन गोल काढले. तिच्या म्हणण्याचा मतलब एवढाच होता: या दोन बायका एकच आहेत हे कागदाने दाखवलं नाही, तर तिकडच्या अधिकाऱ्याच्या नजरेत मुलीचा खर्च कोणी परकीच बाई उचलते आहे आणि तिची खरी आई गप्प बसली आहे. अर्ज फेटाळला जाऊ शकतो. एकदा फेटाळला, की तेही पुढे प्रत्येक ठिकाणी सांगावं लागतं. मुलीचं हसणं थांबलं.

नोकरीत मी नाव बदललं का नव्हतं? तेव्हा ऑफिसच्या बाबूने शपथपत्र आणा, पेपरात जाहिरात द्या, असं सांगितलं होतं. मग दिवस राहिले, मग बाळंतपण, मग राहूनच गेलं. घरी मी असंच सांगत आले आणि ते खरंही आहे. पण सगळं खरं तेवढंच नाही. घरी मी सून होते, वहिनी होते, अमकीची आई होते, आणि नावाने हाक मारली तर ती त्या नव्या नावाने. सकाळी लॅबच्या हजेरीत मात्र मी बाबांची मुलगी होते. ते मला आवडायचं. कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हतं, कोणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

परत येताना ऑटोत मुलगी म्हणाली, “आई, तू टेन्शन कावून घेऊन राहिली? हो जाएगा ना.” तिचा आवाज मात्र टेन्शनचाच होता.

पोरगीने लग्नाचा पुरावा मागितला होता. आमचं लग्न काही नोंदवलेलं नव्हतं, तेव्हा कोण नोंदवायचं! लग्नपत्रिका सापडली, पण पत्रिकेत साहजिकच माहेरचं नाव. मग मला आठवलं, नाव ठेवतानाचा फोटो आहे. मी नवी नवरी म्हणून घरात आले त्या दिवशी सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले होते आणि नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं होतं. आम्ही अल्बम काढला. चिकटलेली पानं मुलीने नखाने सोडवली. फोटो निघाला: ताट आहे, तांदूळ आहेत, मी खाली मान घालून बसले आहे, माझ्या डोक्यावर कोणाचा तरी हात आहे. आणि नावाच्या जागी नवऱ्याचा पंजा. नेमका. लिहिणाऱ्याच्या हाताखाली नाव झाकलं गेलं होतं, फक्त शेवटचा काना तेवढा दिसत होता.

मुलगी हसत सुटली. नवराही हसला. मी विचारलं, “हे नाव तुमी कावून ठेवलं होतं?”

“मले काय मालूम. बहिनीनं सांगतलं, मी लिवलं.”

“तुमाले आवडत होतं का?”

“अवं, आता त्याचं काय? तवा घाई होती. मांगं पंगत बसून राहिली होती.”

मला राग आला. इतक्या वर्षांनी अशा गोष्टीचा राग येणं बावळटपणाचं आहे हे कळत होतं, तरी आला. पंगतीच्या घाईत ठेवलेलं नाव मी जन्मभर वागवत होते. त्या संध्याकाळी मी कोणाशी धड बोलले नाही. भाजीत मीठ पडलं नाही आणि कोणी ते सांगायची हिंमतही केली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बाबूकडे गेले. मला एक चिठ्ठी हवी होती, की ही आमची कर्मचारी अमुक मुलीची आई आहे आणि तिला दोन नावं आहेत. बाबू जुना ओळखीचा, माणूस चांगला. पण म्हणाला, “मैडम, दो नाम की चिट्ठी नहीं बनती. शपथपत्र ले आइए, रिकॉर्ड में एक नाम कर देंगे. फिर पुराना और नया, दोनों लिखकर आदेश निकलेगा. वो सब जगह चलेगा.” मी विचारलं, दुसरा काही रस्ता? त्याने चष्मा पुसला. दुसरा रस्ता नव्हता.

म्हणजे दोघींपैकी एकीला जावं लागणार होतं. मी हिशेब केला, म्हणजे हिशेब असा काही नव्हताच. माहेरचं नाव ठेवायचं तर मुलीचा जन्माचा दाखला, मार्कशीटा, पासपोर्ट, सगळं बदलावं लागणार, आणि तेवढ्यात तिकडचे वर्ग सुरू होऊन संपलेही असते. सासरचं ठेवायचं तर बदलायचे फक्त माझे कागद.

शनिवारी आम्ही तिघं दुर्गच्या कचेरीत गेलो. बाहेर टिनाच्या छपराखाली शपथपत्रं टाइप करणारे बसतात. आमचा टाइप करणारा म्हातारा, गप्पिष्ट होता. सगळी हकीकत ऐकून त्याने बोटं मशीनवरून उचलली आणि म्हणाला, “हमर इहां त नाव नइ बदलय. मइके के गांव ले बलाथें. मोर बाई ल सब धमतरहिन कहिथें.” म्हणजे नाव न बदलता बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची, धमतरीची म्हणून धमतरहिन. मी विचारलं, “और असली नाम?” म्हाताऱ्याला आठवायला एक क्षण लागला. मग त्याने लाजत सांगितलं, गोड नाव होतं. मला वाटलं, माझी तरी दोन नावं आहेत, या बाईचं एकच आणि तेही विचारल्याशिवाय निघत नाही.

त्याने मजकूर वाचून दाखवला. मी शपथपूर्वक कथन करती हूं, की ये दोनों नाम मेरे ही हैं, और अब आगे मुझे... इथे तो थांबला. “बहनजी, आगे कौन सा नाम रखना है?”

नवऱ्याने लगेच सासरचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याची बोटं चालायला लागली.

“थांबा,” मी म्हटलं. “त्यानं मले विचारलं.”

नवरा चमकला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. बोटं थांबली. आजूबाजूला कोणी भांडत होतं, कोणी झेरॉक्सवाल्याला हाका मारत होतं. मला त्या क्षणी फार काही थोर वाटलं असं नाही. बाबा आठवले. सायकलवर पुढे बसवून शाळेत नेताना ते माझं नाव उगाचच दोनदा घ्यायचे.

मग मी स्वतःच्या तोंडाने सासरचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याने टाइप केलं. मी सही केली, आणि सवयीने जुनी सही केली. तो कागद फुकट गेला. म्हातारा म्हणाला, कोई बात नहीं, सब करते हैं. दुसऱ्या कागदावर मी एकेक अक्षर जपून काढलं.

पुढचं सगळं रुळावर आल्यासारखं झालं. आदेश निघाला, बँकेने नाव बदललं, सिविक सेंटरच्या पोरगीने दोन्ही गोल खोडले, अर्ज गेला. व्हिसा आला तेव्हा मुलगी न्हाणीघरातून ओल्या केसांनी धावत आली आणि मला उचलायला लागली, मी काही तिला उचलले गेले नाही. नागपूरच्या स्थळाला नवऱ्याने स्वतः फोन करून नाही कळवलं. त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. रायपूरच्या विमानतळावर तो माझ्याहून जास्त रडला.

लॅबमध्ये आता हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला, की पडद्यावर नवं नाव येतं. पहिल्या दिवशी मला वाटलं मशीन बिघडलं, दुसऱ्याच कोणाची हजेरी लागली. मी अंगठा पुसून परत ठेवला. तेच नाव आलं. मागच्या टेक्निशियनने म्हटलं, “हो गया दीदी, आगे बढ़िए,” आणि मी पुढे झाले.

मुलीचा फोन संध्याकाळी येतो. परवा सांगत होती, की तिथे पहिल्या दिवशी एक फॉर्म दिला, त्यात एक रकाना होता: तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?

“असं विचारतात?” मी म्हटलं.

“हो ना. जो लिखोगे, वही बुलाते हैं. सबको पूछते हैं.”

“मंग तू काय लिहिलं?”

“तू ठेवलं तेच.” थोडं थांबून म्हणाली, “आई, तुले विचारलं असतं तं?”

मी बाहेरच्या खोलीत उभी होते. आत टीव्ही चालू होता. मी माझं नाव सांगितलं. एकदा सांगितलं, मग उगाचच दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने. या घरात मी ते कधी मोठ्याने उच्चारलंच नव्हतं.

आतून नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला. “कोन आली वं?”

“कोनी नाई,” मी म्हटलं. “मीच हावो.”