बसच्या मावशीकडची घरभेट

जालन्याच्या बाहेर, बियाण्यांच्या कंपन्यांची गोदामं संपतात तिथं एक इंटरनॅशनल स्कूल आहे. साहेबराव त्या शाळेची बस चालवतो आणि त्याची बायको बेबीनंदा त्याच बसवर मावशी आहे. चौदा वर्षं झाली. सुरुवातीला दोन वर्षांची साक्षी तिच्या मांडीवर बसून फेऱ्या मारायची. आता ती त्याच शाळेत दहावीला आहे. थोरला बुद्धभूषण इथूनच दहावी होऊन संभाजीनगरला शिकायला गेला. कर्मचाऱ्यांच्या मुलांना अर्धी फी, म्हणून हे जमलं.

इंटरनॅशनल म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर साहेबराव गंभीरपणे सांगतो, "परतूरपासून भोकरदनपर्यंत."

बेबीनंदाला शहरातली दीडशे घरं बाहेरून पाठ आहेत. कोणत्या दारात जाई, कोणत्या दारात कुत्रं, कोणत्या खिडकीतून सकाळी सकाळी भांडण ऐकू येतं. दारं तिच्यासाठी उघडतात ती पोर आणि दप्तर बाहेर येण्यापुरती. माणसं चांगली आहेत. वाढदिवसाचा केक तिला डब्यात भरून देतात, दिवाळीला साडी देतात, आजारी पडली तर फोन करतात. पण चौदा वर्षांत त्यातलं कुणी तिच्या घरी आलं नव्हतं. आणि घर काही लांब नाही, स्टेशनच्या मागच्या वस्तीत आहे.

शाळेत दहावीच्या वर्गाची एक रीत आहे, घरभेट. एक मुख्याध्यापिका ती परदेशातल्या कुठल्याशा शाळेतून घेऊन आल्या. तिकडं म्हणे चहा-बिस्किटं असतात. जालन्यात त्याची पंगत व्हायला एक वर्षसुद्धा लागलं नाही. वर्गातली मुलं आईबापांसकट एकेका रविवारी एकेकाच्या घरी जेवतात. बुद्धभूषणच्या वेळी पालकांनी परस्पर ठरवलं, मावशींना त्रास नको, शाळेच्या हॉलमध्ये करू. सगळ्यांनी डबे आणले. बेबीनंदा वाढत राहिली. छान झालं, असं सगळे म्हणाले. घरी आल्यावर ती चपलाही न काढता पलंगावर बसली.

यंदा साक्षीचा रविवार जवळ आला तेव्हा पालकांच्या ग्रुपवर साधना मॅडमचा निरोप पडला. साधना म्हणजे साक्षीच्या वर्गातल्या अंगदची आई. सासर परतूरकडचं, शेतकऱ्याचं. आता नवीन जालन्यात बियाण्यांची एजन्सी. "मावशी, जागेची अडचण होईल. हॉल घेऊ या का?"

बेबीनंदानं त्या ग्रुपवर आजवर एक शब्द लिहिला नव्हता. साक्षी टाइप करून देते म्हणाली, तर तिला फोनला हात लावू दिला नाही. स्वतःच एकेक अक्षर शोधून लिहिलं, "घरीच. रविवारी बारा वाजता. सगळ्यांनी यायचं."

"तीस माणसं कुठं बसविती?" साहेबरावानं विचारलं.

"गच्चीवर. बसमधी पन्नास बसवितो का न्हाई आपण?"

शेजारची झुंबरबाई शनिवारपासूनच मदतीला होती. आमटीच्या येसराचं धान्य आणि मसाले भाजताना तिनं हळूच विचारलं, "मोठी मानसं हायेत. येतील का गं आपल्या गल्लीत?"

"तू येसर हालव."

रविवारी बाराला गच्चीवर सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. वांग्याची भाजी, येसर आमटी, शेवयांची खीर. भाकरींची चवड फडक्यात गुंडाळलेली. बारा वाजले, कुणी आलं नाही. सव्वाबारा झाले. थंडीतल्या पांढऱ्या उन्हात गल्ली रिकामी होती. रिकामी गल्ली आपल्याकडंच बघते आहे, असं अशा वेळी वाटतं.

"मी म्हन्ली व्हती," झुंबरबाई आपल्या ओट्यावरून बोलली.

साहेबराव नव्या शर्टाच्या बाह्या सरळ करत होता. "फोन लावू का एखाद्याला?"

"न्हाई लावायचा."

"अगं, बिलकुल इसरले असतील तर—"

"बलावून बलावून आले, तर ते आलेच न्हाईत." तिनं आमटीखालचा गॅस बंद केला. मग परत लावला. मग परत बंद केला.

साक्षी चपला घालून गल्लीच्या तोंडाशी गेली, आणि पळतच परत आली. हसण्यामुळं तिला धड बोलता येईना.

"मम्मी, सगळे तिथंच हायेत! कोपऱ्यावरच्या हॉटेलात! चहा पिऊन राह्यले!"

"कव्हाचे?"

"पावणेबारापासून!"

तिच्यामागोमाग साधना मॅडम आल्या, आणि त्यांच्यामागं सगळी वरात. "मावशी, लवकर तर नाही ना आलो?"

"लवकर? बारा म्हन्ले व्हते मी!"

"हो ना. तुमचे बारा, म्हणजे साडेबारा."

बेबीनंदा चौदा वर्षं प्रत्येक घराला बसची वेळ खोटी सांगत आली होती. बस सातला येणार असली की ती साडेसहा सांगे. तेव्हा कुठं पोरं सातला दारात उभी असत. हे आपल्याला आणि नवऱ्यालाच ठाऊक आहे, असं ती समजत होती. "पहिल्याच वर्षी जुने पालक नव्यांना सांगून ठेवतात," अंगदचे वडील म्हणाले. "म्हटलं, तुमचा स्वयंपाक चालू असताना दारात उभं कसं राहायचं."

बेबीनंदा पायरीवर बसली. "आवो, या टायमाला खरं सांगितलं व्हतं!" मग तिला हसू आलं, आणि ते लवकर थांबेना. "पुऱ्या गावाला मीच बिघडविलं."

"चौदा वर्षं म्हनून राह्यलो मी," साहेबराव म्हणाला.

"तुमी गाडी चालवा."

तिनं सगळ्यांना जिन्याशी उभं केलं आणि बसमध्ये चढवताना मोजते तसं खांद्याला बोट लावून मोजलं. एक जण कमी भरला. तो अजून चहा पीत होता. साक्षी त्याला घेऊन आली, तेव्हाच पंगत बसली.

आमटीवर माणसं तुटून पडली. तासाभरात भाकरी संपत आल्या. साधना मॅडम रिकामी टोपली घेऊन खाली आल्या, तेव्हा बेबीनंदा वर न्यायला खीर काढत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "साधनाताई, शेजारी झुंबरबाईकडं जा. तिला थापायला सांगून आल्ते. जल्दी घेऊन या." आणि मग आपण कुणाला काय सांगितलं हे लक्षात येऊन तिचा हात थांबला. पण दारात कुणी नव्हतं. मॅडम गेल्या होत्या.

त्या परत येईनात. शेवटी झुंबरबाईच भाकरींची टोपली घेऊन आली, जरा नाराज होती.

"तुझी ती चष्मेवाली बाई माझ्या तव्यापुढं बसली ना. उठच म्हन्ते तर उठंना. परातबी सोडंना."

"थापता येत्यात का तिला?"

"येत्यात. जरा जाड करती."

"करू दे," बेबीनंदा टोपली घेत म्हणाली, "मानसं खोळंबलीत वर."