पत्र्यातली काच

सेनगावात आमच्या भिंतीला भिंत लागून एक मामा राहायचे. कुणी काहीही सांगितलं तरी ते मान हलवून "बराबर" म्हणत आणि मग स्वतःच्या मनातलंच करत. मला याचा राग यायचा.

मामींना लकवा झाला आणि त्या मधल्या खोलीत खाटेवर पडल्या. त्या खोलीला खिडकी नव्हती. मामांनी छताचा पत्रा कापला, भंगारातून आणलेली जुन्या बसची काच त्यात बसवली आणि कडेनं डांबर भरलं.

"पावसाळ्यात गळंल," मी म्हणालो.

"बराबर," मामा म्हणाले.

उन्हाचा चौकोन जमिनीवर उतरला. त्यात त्यांनी तेलाच्या डब्यांत लावलेला पुदिना आणि मोगरा ठेवला. ऊन पुढं गेलं की मामी जड जिभेनं म्हणायच्या, "ऊन चाललं, डबे सरकवा की." मामा उठून डबे सरकवायचे. दिवसभर हेच चालायचं.

मामी गेल्या. खाटेच्या जागी ठेवलेला दिवाही दहाव्यानंतर उचलला. पाहुणे म्हणाले, आता काच काढून पत्रा लावा. "बराबर," मामा म्हणाले. काच तशीच राहिली.

एका दुपारी मी गेलो, तर ते भिंतीला टेकून बसले होते. ऊन रिकाम्या जागेवर पडलं होतं, डबे सावलीत होते आणि पुदिन्यानं मान टाकली होती.

"मामा, डबे काहून सरकवले न्हाईत?"

"कोणी म्हणलंच न्हाई."

मी जमिनीवरच्या उन्हाच्या चौकोनाकडं पाहिलं. मग म्हणालो, "ऊन चाललं, डबे सरकवा की."

"बराबर," मामा म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.