थकवा घालवणारी अंगठी

लॉन्ड्रीतून घरी आल्यावर थोरलीला दोनच गोष्टी हव्या असायच्या: पाय वर घेऊन बसायला खुर्ची, आणि तो व्हिडिओ गेम. दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहून हॉस्पिटलच्या चादरी दाबायच्या म्हणजे संध्याकाळपर्यंत पायांचे खांब होतात आणि डोक्याचा भुगा. धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं नवा गेम घेतला आणि जुना हिच्या गळ्यात मारला, तेव्हा ही म्हणाली होती, "मला कशाला असले पोरखेळ?" आणि आता बघा, त्या पोरखेळाशिवाय बाईंना चैन पडेना.

घरात दुसरं माणूस म्हणजे बाबा. धंद्यानं घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडली आणि मिटली. घशाचा आजार झाला, उपचार झाले, आजार गेला. पण जाता जाता मेला जिभेची चव घेऊन गेला. काहीही तोंडात घातलं की म्हणायचे, "माती." सूप माती, दूध माती, अंडं माती. अंगाचं नुसतं चिपाड झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, पुढच्या तपासणीपर्यंत वजन वाढलं नाही तर नाकातून नळी घालू. त्यावर बाबा तिथल्या तिथे म्हणाले, "नळ्या घालायला मी काय पाण्याची टाकी आहे? त्यापेक्षा मरतो." आणि हा माणूस बोलला की करणारा.

धाकटी फोनवरून काळजी करायची. फोनवरून काळजी करायला काय जातं? चमचा धरायला थोरली.

गेममध्ये तिचा एक गडी होता, ढाल-तलवारवाला. पण मारामाऱ्यांचा तिला कंटाळा. मशीनशी दिवसभर होते तेवढी पुरे. ती आपली किमया शिकत बसायची. रानातून मुळ्या, अळंब्या, पतंगाचे पंख गोळा करायचे, मेजावर कुटायचे आणि त्यांचे अर्क काढायचे. गंमत अशी, की कशात काय गुण आहे हे गेम सांगत नाही. आधी चाखून बघावं लागतं. गडी बिचारा विंचवाची नांगीसुद्धा मुकाट्यानं खायचा.

"काय चघळतोय गं तो?" बाबांनी एकदा खाटेवरून विचारलं.

"पतंगाचे पंख."

"शी! आणि चालतं त्याला?"

"तो तुमच्यासारखे नखरे करत नाही."

बाबा चक्क हसले. थोरलीनं ती संधी साधली. गड्यानं एक घास घेतला की बाबांनी एक चमचा घ्यायचा, असा सौदा ठरला. म्हातारा कुरकुरत का होईना, पण गिळायला लागला. एकीकडे भुताची राख, एकीकडे सूप. पण रानातली पाळंमुळं ती किती? एक दिवस सगळी चाखून संपली, आणि बाबांचं तोंड पुन्हा मिटलं ते मिटलंच. विनवण्या करून थोरलीच्या नाकी नऊ आले.

मग ती वस्तू मंतरायची विद्या शिकायला लागली. तिचा नियम जरा क्रूर होता. एखाद्या मंतरलेल्या वस्तूतला मंत्र शिकायचा तर ती वस्तू मेजावर मोडायची. मंत्र आपल्याला येतो, वस्तू जाते. हे सगळं ती बाबांना सांगायची. दिवसभर छताकडे बघत पडण्यापेक्षा बरं, म्हणून तिनं त्यांना बटणंही दाखवून ठेवली होती. फक्त एक अंगठी ती मोडत नव्हती. ती घातली की गडी दमायचाच नाही. कितीही पळवा, कितीही चढवा. कुठल्याशा गुहेत जिवावर उदार होऊन मिळवली होती बाईंनी.

आणि एका संध्याकाळी घरी येऊन बघते तर अंगठी नाही.

"बाबा, माझी अंगठी?"

"उघडली."

"उघडली म्हणजे?"

"आत काय आहे ते बघायला. बघून परत मिटणार होतो. पण मिटायचं बटणच सापडेना."

घड्याळजीच तो! उघडलेली वस्तू मिटतच नाही, असं आयुष्यात झालं नव्हतं त्यांच्या. पण थोरलीला त्या क्षणी हे सुचायचं कसं? तिचा बांधच फुटला. "दिवसभर तिकडे मरमर मरते, घरी येऊन तुमच्या हातापाया पडते. अख्ख्या जगात न दमणारं एक माणूस होतं माझ्याकडे, तेसुद्धा पडद्यावरचं. तेही मोडलंत? घाला नळी, नाहीतर मरा! मला आता होत नाही."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. सूप तसंच निवलं.

सकाळी तिनं झाकण घालून वाटी स्टुलावर ठेवली आणि निघाली. बोललेलं गिळता येत असतं तर तिनं तिथेच गिळलं असतं. दिवसभर चादरी दाबताना तिच्या कानात आपलाच आवाज वाजत होता. बाबांनी आपलं म्हणणं खरं धरलं तर? हट्टी माणूस, सुंभ जळला तरी पीळ सुटायचा नाही. सुटी झाल्यावर बससाठी थांबायचा धीर नव्हता, तशीच सुजल्या पायांनी तरातरा चालत आली.

दार उघडलं तर बाबा खाटेच्या कडेला ताठ बसलेले, डोळ्यांवर चष्मा, हातात बटणांचं ते यंत्र, जीभ दातांत धरलेली. पडद्यावर पितळेच्या साध्या अंगठ्यांची रास.

"ये. बघ," ते म्हणाले. "तुझ्या अंगठीतला मंत्र मला आलाय. सकाळपासून तोच घालतोय एकेका अंगठीत. पहिल्या सगळ्या फुकट गेल्या. ही शेवटची बघ, थकवा किंचित कमी करते. तुझ्या मूळ अंगठीची सर नाही हां. हात बसायला वेळ लागेल."

थोरलीची नजर वाटीवर गेली. रिकामी! आनंद होण्याआधी तिला संशयच आला. तिनं मोरीत बघितलं, खिडकीतून खाली वाकून बघितलं.

"शोधू नकोस. खाल्लं."

"चव लागली?" ती खिडकीतून वळली.

"छे, मातीच." बाबांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "पण दुपारी हात थरथरायला लागले. भलतीच बटणं दाबली जायला लागली. उपाशी हातांनी बारीक काम होत नाही गं. उद्या जरा जास्त ठेव, काम बरंच पडलंय."

थोरलीला कालचं सगळं परत घ्यायचं होतं. माफी मागायची होती, रडायचंही होतं. पण तोंडातून निघालं एवढंच, "दोन वाट्या ठेवू?"

"ठेव," बाबा म्हणाले. "आणि तू बस आधी. किती वेळ उभी राहणार आहेस?"