फ्रीजरमधला अर्धा तास

त्या वर्षांत सातपूर-अंबडच्या कारखान्यांना जपानी शिस्तीची बाधा झाली होती. बाधाच म्हणायला हवे, कारण ती माणसामाणसांतून पसरत गेली आणि ज्याला झाली त्याला आपल्याला काही झाले आहे याचा पत्ता नसे. माझा नवरा अशाच एका कारखान्यात मेन्टेनन्सचा सुपरवायझर होता. त्याला ती जरा उशिरा झाली, पण जोरात झाली. तीन दिवसांच्या शिबिराहून तो परतला तेव्हा हातात फाइल होती, छातीवर बिल्ला होता आणि दारात काढलेल्या चपला त्याने भिंतीशी काटकोनात लावल्या. मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबले लागली. साखरेच्या डब्यावर 'साखर', मोहरीच्या डब्यावर 'मोहरी'. माझ्या सासूबाईंनी चष्मा लावून ती सगळी वाचली आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. इतकी वर्षं मी अंदाजानंच घेत होते."

दुसऱ्या आठवड्यात पिशव्यांची योजना आली. शिबिराच्या शेवटच्या दिवशी कोणा वक्त्याने सांगितले होते की परदेशातली धावपळीची कुटुंबे रविवारी फळे कापून, पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवतात. रोज सकाळी एक पिशवी मिक्सरमध्ये रिकामी करायची, वर दूध ओतायचे, की झाला नाश्ता. त्याला स्मूदी म्हणतात. नवऱ्याने हे आम्हाला जेवणाच्या टेबलाशी उभे राहून सांगितले. बसून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

"म्हणजे शिकरण," सासूबाई म्हणाल्या.

"शिकरण नव्हे, आई. शिकरणाला प्लॅनिंग नसतं."

"केळी तर आणावी लागतात ना रे आदल्या दिवशी?"

त्याने तक्ता उलगडला. त्यात वार होते, फळे होती, जबाबदार व्यक्ती होती. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत मी होते. आणि शेवटच्या रकान्यात लिहिले होते, 'बचत : रोज अर्धा तास.'

इथे माझी चूक कबूल करते. त्या रकान्याला मी भुलले.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. महाविद्यालय सकाळचे. नवऱ्याची कंपनीची बस सहा वीसला, मुलीची शाळेची रिक्षा सहा चाळीसला, मी साडेसातला घराबाहेर. त्याआधी तिघांचे डबे आणि चौघांचा नाश्ता. लग्न झाल्यापासून सकाळचा चहा मी ओट्याशी उभी राहून, एका हाताने पोहे परतत प्यायले होते, आणि तो निम्मा झाला की गार व्हायचा. वर्तमानपत्र माझ्या हाती यायचे ते सगळ्यांनी वाचून, बातमीवर चहाचा गोल डाग पडल्यावर. सकाळी गॅलरीतल्या खुर्चीवर बसून, कोरे वर्तमानपत्र उघडून, गरम चहा पूर्ण प्यावा, एवढी एकच हौस माझी उरली होती. दिवसभर पुस्तकांत वावरणाऱ्या बाईची हौस म्हणून ती फार मोठी नव्हती.

"हा अर्धा तास कोणाचा?" मी विचारले.

"घराचा."

"घर पाचला उठत नाही. मी उठते."

"बरं, तुझा."

"मग तसं लिहा की, अहो."

त्याने रकान्यात माझे नाव लिहिले. बाकी सगळा तक्ता स्केचपेनने होता. माझे नाव त्याने पेन्सिलीने लिहिले.

आमचा फ्रीज एका दाराचा होता. फ्रीजर म्हणजे वरचा कप्पा, ब्रेडचे चार पुडे मावतील एवढा. त्यात बर्फाचे ट्रे, थंडीत सोललेले मटार आणि सासूबाईंचे सायीचे पातेले असे. रोजच्या दुधाची साय त्या आठवडाभर तिथे साठवत आणि शनिवारी तिचे लोणी काढून तूप कढवत. नवऱ्याने कप्प्याची पाहणी केली आणि 'अनावश्यक वस्तू हटवा' या नियमाखाली पातेले खालच्या फळीवर उतरवले. साय तिथे चौथ्या दिवशी वास मारू लागली. त्या शनिवारी सासूबाईंनी तूप न कढवता ते पातेले त्याच्यासमोर नुसते आणून धरले.

"वास घे."

त्याने घेतला.

"हे जपानात काय करतात रे?"

तो म्हणाला, जपानात साय साठवत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, तरीच.

पिशव्यांचा प्रश्न त्याने ज्या चतुराईने सोडवला, तिचा त्याला शेवटपर्यंत अभिमान होता. माझी नणंद दिंडोरीला दिलेली. त्यांची द्राक्षाची बाग, माल परदेशी जायचा. ती फेब्रुवारीत एक क्रेट द्राक्षे आणि पॅकहाउसमधल्या पिशव्यांचा एक गठ्ठाच घेऊन आली. त्याच पिशव्यांत घड बसून युरोपला जातात. नवऱ्याने एक पिशवी उजेडात धरली, चोळून पाहिली आणि म्हणाला, "एक्स्पोर्ट क्वालिटी."

"हिला भोकं आहेत," मी म्हणाले. होतीच. ओळीने, पेन्सिलीचे टोक जाईल एवढी.

"हवा खेळती राहावी म्हणून असतात ती."

"द्राक्षांना, दादा," नणंद म्हणाली. "घड जिता राहावा म्हणून. चिरलेल्या पपईला कशाला पाहिजे हवा? ती कुठं श्वास घेते?" मग माझ्याकडे वळून, "वहिनी, आमच्याकडं लोक द्राक्षं उभ्या उभ्या खातात. याला तक्ता लागतो, मला नाय माहीत."

पण युरोपने मंजूर केलेली पिशवी सातपूरच्या माणसाने नाकारायची म्हणजे फारच झाले. पिशव्या मंजूर झाल्या.

रविवारी उत्पादन सुरू झाले. उत्पादन म्हणजे मी पपई सोलायची, चिकूच्या बिया काढायच्या, केळी कापायची. सासूबाईंनी द्राक्षे देठापासून सुटी करायची. मुलीने तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. नवऱ्याने हातात घड्याळ घेऊन दाराशी उभे राहायचे. पहिल्या रविवारी तीन तास लागले. आठवड्याचे सहा अर्धे तास म्हणजे तेवढेच होतात हे मी त्याला सांगितले. त्याने ते 'सुरुवातीचा काळ' या शीर्षकाखाली नोंदवून घेतले. दुसऱ्या रविवारीही तीनच तास लागले. केळी काळी पडली हे धरले नाही तरी.

सकाळचे म्हणाल तर स्मूदी व्हायची. जांभळट-करड्या रंगाची, दाताला झिणझिण्या आणणारी. मुलगी नाक धरून प्यायची आणि पहिल्या सुट्टीतच डबा संपवायची. सासूबाईंनी पहिला घोट घेऊन पेला खाली ठेवला. "सकाळच्या पारी पोटात बर्फ घालायला मी काय मासा आहे?" त्यांना उपमा लागायचा. त्यांच्यासाठी उपमा टाकला की मुलगी म्हणायची, "आई, मलाही थोडा." मग नवराही बूट घालता घालता एक बशी खायचा, चव बघायची म्हणून. नाश्ता पूर्वीसारखाच होत होता. त्यात स्मूदी वाढली होती एवढेच.

मार्चअखेर लोडशेडिंग आले. आमच्या भागात सकाळी सहाला वीज जायची ती आठला यायची, आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास. विजेशिवाय मिक्सर नाही. म्हणजे स्मूदी सहाच्या आत व्हायला हवी. म्हणजे मी पाचऐवजी साडेचारला उठायला हवे. नवऱ्याने तक्त्यात तसा बदल केला, स्केचपेनने. वाचलेल्या अर्ध्या तासासाठी मी आता अर्धा तास लवकर उठत होते आणि चहा तसाच ओट्याशी, तसाच निम्मा गार पीत होते. मी ते रकान्यातले नाव दाखवले. तो म्हणाला, "योजनेला वेळ दे."

"तिनं माझा घेतलाय," मी म्हणाले. "तोच परत मागतेय."

वीज दिवसातून दोनदा गेल्याने फ्रीजरमधले दोनदा वितळे आणि दोनदा गोठे. वितळलेला रस युरोपच्या भोकांतून बाहेर येई, शेजारच्या पिशवीला धरी, तळाला धरी आणि तसाच गोठे. एप्रिलपर्यंत पिशव्या अशा उरल्याच नव्हत्या. कप्प्यात एक शिळा होती. तिच्या पोटात कुठेकुठे तारखेच्या चिठ्ठ्या दिसत. मी रोज बत्त्याने तिचा तुकडा पाडत होते.

आणि याच सुमारास नवऱ्याने योजना कंपनीच्या सुधारणा स्पर्धेत पाठवली होती. 'घरातील सुधारणा' असा नवा गट निघाला होता. एका रविवारी सकाळी दहाला तीन परीक्षक आणि एक फोटोग्राफर आमच्या घरी आले. त्यांतले थोरले साहेब टाय बांधून आले होते. नाशिकचा एप्रिल आणि टाय. वीज नेमकी होती. नवऱ्याने तक्ता समजावला, साहेबांनी मान डोलवली, आणि मग तो म्हणाला, "आता प्रत्यक्ष."

त्याने फ्रीजर उघडला. साहेब वाकले. शिळा सगळ्यांनी पाहिली.

"हे काय?" साहेबांनी विचारले.

"एकत्रित साठवणूक," नवरा म्हणाला.

मी बत्ता पुढे केला. त्याने तो परीक्षकांसमोर हातात घेतला नाही. आत गेला आणि त्याचा पेटीतला मोठा पेचकस घेऊन आला. त्याच्या खात्यात त्याच्याच टेबलामागे 'योग्य कामासाठी योग्य अवजार' अशी पाटी आहे. ती त्याने स्वतः लिहून घेतलेली, मी पाहिलेली. त्याने पेचकस शिळेखाली घातला आणि मुठीवर तळहाताने दणका दिला.

सुस्स असा आवाज आला आणि येतच राहिला.

"फ्रीजचा गॅस गेला," परीक्षकांतला सर्वांत धाकटा शांतपणे म्हणाला. तोही मेन्टेनन्सचाच होता.

सासूबाई उठल्या. टोपलीत केळी होती. त्यांनी चार सोलून पातेल्यात हाताने कुस्करली, दूध ओतले, साखर आणि वेलदोड्याची पूड घातली आणि वाट्या भरल्या. वाट्यांत फोटो बरा येत नव्हता म्हणून फोटोग्राफरने ते काचेच्या पेल्यांत ओतायला लावले. साहेबांनी पेला उंच धरला, नवरा शेजारी उभा राहिला, फोटो निघाला. साहेबांनी मग आणखी एक पेला मागितला, तो फोटोशिवाय.

दीड महिन्याने प्रशस्तिपत्र आले. सोनेरी काठाचे, फ्रेमसकट. त्यावर तो फोटो होता. पेल्यांत शिकरण, पेल्यांमागे नवरा. खाली लिहिले होते की या नावीन्यपूर्ण योजनेमुळे गृहिणीचा दररोज अर्धा तास वाचतो. नवऱ्याने ते दिवाणखान्यात लावले. फ्रीज तोवर बंदच होता. त्याच संध्याकाळी तो दुकानात न्यायला आलेल्या दुरुस्त करणाऱ्याने कप्पा बघून विचारले, "कोण्या अडाण्यानं केलं हे?" आणि नवऱ्याने सांगितले, "घरात बायकामाणसं असतात."

ते वाक्य मी आतल्या खोलीत ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठले, डबे केले, चहा केला, ओट्याशी प्यायले नाही. दाराबाहेरचे वर्तमानपत्र उचलले आणि गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसले.

पावणेसहाला नवरा आला. "अगं, पोहे?"

"तो अर्धा तास वाचलाय."

"कुठला?"

"दिवाणखान्यात लावलाय तो. सही-शिक्क्यासकट."

तक्ता असता तर त्याने तो उलगडला असता, पण तक्ता फ्रीजवर होता आणि फ्रीज दुकानात. मग आत गेला. भांड्यांचे आवाज आले. सासूबाई उठून बाहेर आल्या, त्यांनी मला बसलेले पाहिले, स्वयंपाकघरात डोकावल्या आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. मी त्यांना वर्तमानपत्राचे मधले पान दिले.

"मोहरी कुठे आहे?" आतून विचारणा झाली.

"लेबल वाच," सासूबाई म्हणाल्या.

पोह्यांत मीठ कमी होते. ते मी बोलले नाही. चहा संपत आला होता, अजून गरम होता, आणि वर्तमानपत्राची दोन पाने उरली होती.