पंखांखालचा रंग

संक्रांतीच्या सकाळी आम्ही तिघं तळ्याच्या काठाकाठानं निघालो. मी, हे आणि ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. पायाखाली दलदल, पाठीवर कोवळं ऊन आणि समोर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा केवढा तरी थवा! दुर्बीण ह्यांच्या गळ्यात, त्यामुळे हुकूमही ह्यांचाच. "कुणी बोलायचं नाही. उडतील."

वन्संनी ह्यांच्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि कुजबुजल्या, "तिळगूळ घे, गोड बोल. तू तर बोलूच देत नाहीस!" आणि पदर तोंडाला लावून हसल्या. त्या कायम तशाच हसतात. बाईमाणसाचं हसू दिसू नये, ही त्यांच्या आईची शिस्त.

दोन पावलांवर त्यांचा पाय चिखलात रुतला. पाय वर आला, चप्पल आलीच नाही. ती काढायला वाकल्या आणि बदकन खाली बसल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात! पदर धरायला हातच नव्हते. वन्सं खदखदून हसल्या, अगदी मोकळ्या गळ्यानं, आणि अख्खा थवा उठला.

काय सांगू! इतका वेळ पांढरटच वाटणारे ते पक्षी, पंख उघडताच आतून लालभडक! आभाळ पेटल्यासारखं झालं. एवढा रंग जवळ असून कसे मुकाट उभे राहतात हे पक्षी?

"अहो, बघा ना, गेले!" मी ओरडले. ह्यांनी दुर्बीण उचललीच नव्हती. हे चिखलात बसलेल्या बहिणीकडे बघत होते.

"ताई," हे म्हणाले, "तू अशी हसतेस होय?"