मनीषातला 'नी'

कुठलाही शर्ट हातात आला की आक्का आधी तो गालाला लावायच्या. "ओल हाय," म्हणायच्या. दुकानातून आत्ता आणलेला कोरा शर्ट! तरी त्यावर इस्त्री फिरायची, वाफ निघायची, आणि मगच अक्षरांचा कागद बसायचा. "ओलीवर चिकटवलं तर उद्या भेगा पडत्यात, बाई."

अनगोळात आमच्या घरामागंच त्या राहायच्या. पुढच्या खोलीत शर्ट छापायचं छोटं यंत्र: खाली शर्ट पसरायचा, वरची तापलेली पाटी दाबायची, की अक्षरं कापडावर. मी शाळेत खेळाची बाई. खो-खोच्या मुलींचे बारा शर्ट मी त्यांनाच दिले, पाठीवर प्रत्येकीचं नाव. पोरी नुसत्या नाचल्या!

आणि पहिल्याच सामन्यात घात झाला. नावांना भेगा, काही अक्षरं गळालेली. मनीषाच्या पाठीवरचा 'नी' तर गायबच. भोंग्यावरच्या माणसानं पाठ वाचली आणि ओरडला, "आता आत येतायत मशा!" मशा म्हणजे डास! अख्खं मैदान हसलं. पोरगी रडत बाहेर आली. "मी परत खेळणार न्हाय, बाई."

हे कळलं तेव्हा आक्का जेवायला बसल्या होत्या. ताट सरकवलं, चपला घातल्या आणि थेट मनीषाचं घर गाठलं. मी मागोमाग.

"शर्टाचं काय केलं गं?" त्यांनी तिच्या आईला विचारलं.

आई बिचारी सरळ. नवं कापड म्हणून हळद-कुंकवाचं बोट लावलं, ते नेमकं नावावर. डाग दिसायला लागला म्हणून त्याच संध्याकाळी धुण्याच्या दगडावर ब्रशनं घासघास घासला. चौकशी केली, तर घरोघरी हाच प्रकार! आक्कांनी कपाळाला हात लावला. "चूक माझीच. शर्ट दिलं, पण सांगितलं काईच न्हाय."

पुन्हा बारा शर्ट, स्वतःहून. वाफ काढली, जोरानं दाबलं, वर कागद ठेवून परत दाबलं. 'मनीषा' एका चिंधीवर छापून आठवडाभर रोज धुतलं, ताणून पाहिलं. मग प्रत्येक शर्टाच्या आतल्या शिवणीला स्वतःच हळद-कुंकू लावलं. "आता कुणाची आई बोट लावती बघू!" अक्षरं पक्की बसावीत म्हणून अख्खा एक दिवस कुणाला हात लावू दिला नाही. देताना दम दिला, "उलटा करून गार पाण्यात धू गं. ब्रश दिसला तर बघ!"

मनीषानं शर्ट घेतला, पण येते म्हणाली नाही.

आक्का आता नाहीत. त्यांचं यंत्र मुलीनं गुंजीला नेलं. पण मला त्या आठवतात त्या अंतिम सामन्यातल्याच. दोरीला चिकटून उभ्या, डोळे पोरींच्या पाठींवर. मनीषा आली होती! धावली, खांबापाशी झेपावली, मातीत लोळून उठली. माझा जीव टांगणीला. भोंगा खरखरला, "गडी बाद केलाय... मनीषानं!"

"पुरं वाचलं की वो त्यानं, बाई!" आक्का किंचाळल्या आणि दोरी ओलांडून मैदानातच घुसल्या. पंचांनी शिट्टी फुंकून खेळ थांबवला, तरी त्या काही बाहेर यायला तयार नव्हत्या.